ओल्या जागेचं रीडिंग

कामावर निघताना माझी पिशवी ठरलेल्या क्रमानं भरली जाते. तळाशी वायरचं भेंडोळं, त्यावर मीटर, बाजूला फडक्यात गुंडाळलेला सेल, वर टोपी, गोळ्या, डबा आणि सगळ्यात शेवटी पाण्याची बाटली. घरातले हसतात. पण तिसगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, बाभळीखाली उभं राहून 'अरे, ते राहिलंच' म्हणायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या जिल्ह्यातून जमिनीखालून तेलाची पाइपलाइन जाते. वरून नुसती शेतं दिसतात आणि मध्येमध्ये पिवळे खांब. पोलादी पाइप मातीत पुरला की गंजायला लागतो. म्हणून त्याला बाहेरून कोटिंग असतं, आणि शिवाय पाइपलाइनच्या पंपिंग स्टेशनातल्या यंत्रातून त्याला बेताची वीज देत राहतात. ती पाइपाला नीट मिळते आहे तोवर गंज लांब राहतो. मिळते आहे का, हे पाहायला ते पिवळे खांब. खांबातली वायर मीटरला लावायची. मीटरच्या दुसऱ्या वायरला सेल जोडायचा. सेल म्हणजे मोरचुदाच्या निळ्या पाण्यानं भरलेली एक नळी. ती पाइपाच्या बरोबर डोक्यावर जमिनीला टेकवायची. मीटरवर आकडा येतो. तो ठरलेल्या रेषेच्या पलीकडे असला तर पाइप सुरक्षित, अलीकडे राहिला तर नाही. कंपनी हे आकडे मुदतीनुसार घेते आणि नियामक मंडळाला कळवते. ते खरे आहेत का, हे पाहायला बाहेरचं कुणीतरी यावं असा नियम आहे. ते बाहेरचं कुणीतरी म्हणजे मी.

यात एक बारीक अट असते. सेल टेकवायचा तिथली जमीन ओली हवी. कोरड्या मातीत सेलला नीट टेक मिळत नाही, आकडा नाचत राहतो. म्हणून आधी तिथं पाणी ओततात. कधी तांब्याभर पुरतं, कधी मुरूम असला तर कितीही ओता, पिऊन टाकतो.

मी सोनईकडची. आमच्याकडे पाटाचं पाणी, ऊस, पायाला चिखल. जमिनीवर पाणी ओतण्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, मी आणि कंपनीचा टेक्निशियन. जीप रस्त्याकडेला होती. टेक्निशियन चाळिशीचा, जामखेडकडचा, विचारलं तेवढंच बोलणारा. खांब एका वस्तीला लागून होता. थोडी घरं, एक मारुतीचं देऊळ, पलीकडे लहानसं चर्च, आणि उताराला एक विहीर. विहिरीवर बायका पाणी ओढत होत्या. विहिरीच्या कडेला धुण्याचा दगड, आणि दगडाखाली सांडपाण्यानं हिरवी झालेली ओल. थंडी नुकतीच सरली होती. एवढ्या आवारात भुईवर हिरवं म्हणून तेवढंच होतं.

टेक्निशियननं खांबाची झाकणी उघडली, वायर लावली आणि सेल घेऊन सरळ त्या ओलीकडे गेला. टेकवला. आकडा आला, चांगला आणि जराही न हलणारा.

"घ्या मॅडम," तो म्हणाला.

मी घेतला नाही. पाइप शोधायचं यंत्र पिशवीत होतं, पण त्याचीही गरज नव्हती. या खांबापासून पुढच्या खांबाकडे नजरेनं रेघ ओढली की दिसत होतं, धुण्याचा दगड त्या रेघेवर नाही. चांगला बाजूला आहे. बाजूला घेतलेला आकडा आसपासच्या सगळ्या पाइपाचा मिळून येतो, खालची एखादी खोट त्यात झाकली जाते.

"सेल इथं का?"

"इथं स्टेडी येतंय मॅडम."

"पाइप इथं आहे का?"

"पाइप तिकडं हाय. पन स्टेडी इथं येतंय."

"पाइपावर घेऊ. कॅन आणा."

कॅन जीपमध्ये होता. निघताना मीच विचारून खात्री केली होती. "आनतो," तो म्हणाला, पण हलला नाही. आधी मला वाटलं तो जीपकडे बघतोय. तो विहिरीकडे बघत होता.

मला उगाच वेळ घालवणं जमत नाही. मी माझी पिण्याची बाटली काढली, पाइपाच्या डोक्यावर उकिडवी बसले आणि ओतायला लागले.

विहिरीवरची बडबड थांबली. एकीची बादली अर्ध्यावर आली होती, ती तशीच दोराला लटकत राहिली.

"अगं, बघा गं," एक उंचशी बाई म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही पुढे वहिनीच म्हणू लागले. "कंपनीच्या मॅडम भुईला पानी पाजाय लागल्या."

"भुईला ताप आला असंल," दुसरी म्हणाली.

"ओ मॅडम," वहिनी ओरडल्या, "उरलं असंल तर हिकडं बी द्या घोटभर! टँकर आला न्हाई चार रोज झालं. आमी बी मातीच हाय, कोन इचारतंय!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि लगेच वाटलं, आपण हसायला नको होतं. टेक्निशियन मान खाली घालून मीटर धरून उभा होता.

आकडा आला. रेषेच्या अलीकडे, बराच अलीकडे. मी कनेक्शन तपासलं, पुन्हा घेतला. उरलेली बाटली ओतली, पुन्हा घेतला. तोच.

मी उठले आणि पहिल्यांदा ती जागा नीट पाहिली. पाइप विहिरीच्या वरच्या अंगानं जात होता. उतार सरळ विहिरीकडे होता. इथं पाइपाला भोक पडलं तर तेल कुठे जाणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "अशा किती ठिकाणी घेता तुम्ही बाजूला?"

"सगळ्या ठिकानी न्हाई मॅडम."

"मग?"

"जिथं बाया असत्यात तिथं."

त्यानं मीटर मांडीवर नीट ठेवला. मग आपणहून बोलला.

"तुमी सोनईच्या. तुमच्याकडं पानी सांडलं तर पुसत्यात. आमच्याकडं पानी सांडलं तर आय मारायची. मी कंपनीचा ड्रेस घालून, टँकरची वाट बघनाऱ्या बायांच्या म्होरं कॅन उपडा करायचा? एकदा केला मॅडम. म्हातारी हुती एक. तिला वाटलं माझ्या हातातनं कॅन निसटला. पळत आली, कॅन धरून सरळ केला, आन मलाच इचारती, बाळा, हाताला काय झालंय का तुझ्या?"

"मग?"

"मग काय. पुढच्या टायमाला ओल हुडकली. हितली ओल तर माझ्या आधीच्या मानसानंच दाखवली हुती. सोयीची जागा म्हनून."

मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. तपासणीसाठी माझ्याकडे प्रश्नांची छापील यादी असते. मीटर प्रमाणित आहे का? होता. सेल चांगला आहे का? होता. माणूस प्रशिक्षित आहे का? होता. मोजणीच्या वेळी जमीन ओली होती का? होती. त्या यादीला धरून गेलं तर सगळं बरोबर होतं. यादी करणाऱ्यांनी पाण्याचा विचार केला होता. ते पाणी कुणाच्या डोळ्यांसमोर ओतायचं आहे, याचा केला नव्हता.

स्टेशनच्या साहेबांना मी सांगितलं, तेव्हा ते आधी टेक्निशियनवर घसरले. "त्याला आजच काढतो."

"काढा. उद्या दुसरा येईल आणि त्यालाही तीच ओल सापडेल," मी म्हटलं. "आधी पाइपावरून चालायचं."

चालायचं म्हणजे खांबापासून वायर सोडत जायचं आणि पावलापावलावर पाइपाच्या डोक्यावर रीडिंग घ्यायचं. आता मी राहते नगरला; या वेळी पाणी तिथूनच नेलं. घरचं कपडे धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरलं आणि कॅनवर मोठ्या अक्षरांत 'धुण्याचं पाणी' असं लिहिलं. सेलला फेस चालतो. बायकांना तो दिसावा म्हणून मी झाकण उघडून दाखवलं. वहिनींनी वास घेऊन खात्री केली आणि वस्तीभर सांगितलं की नगरच्या मॅडम धुनं घरी धुत्यात आन पानी हितं फेकाय येत्यात. चालेल, म्हटलं. निदान माणसं थांबून बघत नव्हती.

बहुतेक पट्टा ठीक निघाला. पण विहिरीच्या वरच्या अंगाला एका ठिकाणी आकडा घसरला तो पुढे बरंच अंतर वर आलाच नाही. खाली कोटिंग फाटलं असणार. पाइप टाकताना खडकाची धार लागली असेल, आणि तेव्हापासून तिथं माती आणि पोलाद यांच्यामध्ये काही नसेल. पाइपाच्या आतून यंत्र सोडूनही तपासणी होते, पण ती मागे कधीतरी झालेली आणि पुढची अजून व्हायची. तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. मी तातडीचा शेरा लिहिला, पाइपातला दाब कमी करा आणि इथं खोदून बघा. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे मंडळाकडे गेलं की आम्हाला पुढची सगळी उत्तरं द्यावी लागतील."

"म्हणूनच पाठवतेय."

ते वाईट गृहस्थ नव्हते. दाब त्यांनी त्याच दुपारी कमी करायला लावला. "खोदाई दोन दिवसांत उरकू," ते म्हणाले. "खडक आहे, ब्रेकर लावतो."

माझ्या डोक्यात कामं ओळीनं लागली होती. परवानगी, पोकलेन, जाडी मोजायचं यंत्र, वेल्डर, दुरुस्तीची स्लीव्ह. जमीन ज्यांची त्यांना सांगणं हेही त्यात होतं, पण ते मी फार वर लिहिलं नव्हतं.

जमीन आणि विहीर एका बाईंची. मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ध्या वस्तीनं त्यांच्याकडे बाराखडी गिरवलेली, त्यामुळे सत्तरीतही त्या सगळ्यांच्या बाईच. दारावर क्रूस, आणि नाताळातली कागदी चांदणी अजून लटकत होती. उन्हानं तिचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता. विहीर त्यांच्या मालकीची असली तरी कुलूप कधी नव्हतं. उन्हाळ्यात वस्तीवर पाणी राहणारी ती एकच.

मी कोटिंग, वीज, गंज, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "खोदायचं नाही."

"बाई, पाइप खराब असेल तर..."

"या, दाखवते."

त्या मला घरामागे चढावर घेऊन गेल्या. तिथं दगडांचं एक वर्तुळ होतं. आत बाभळी उगवल्या होत्या, तळाशी प्लास्टिकच्या पिशव्या.

"ही माझ्या दिरांची विहीर. आमच्याआधीची. पाइप टाकला तेव्हा या खडकात सुरुंग लावले त्यांनी. त्या उन्हाळ्यात झरा गेला. कंपनीचा माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, पाऊस कमी झाला असेल. पाऊस कमी झाला होताच. त्याचं काय खोटं म्हणायचं? पण शेजारच्या माझ्या विहिरीला तोच पाऊस होता ना?"

मी काठावरून आत पाहिलं.

"आता तुम्ही माझ्या झऱ्यापासून हाकेवर ब्रेकर लावणार. लिहून द्याल, झरा जाणार नाही म्हणून?"

"नाही बाई. देता येणार नाही."

"बरं. नाही खोदलं तर पाइप फुटणार नाही, असं लिहून द्याल?"

"तेही नाही."

"मग तुम्ही नक्की लिहून काय देता?"

वर्गात प्रश्न विचारून थांबावं तशा त्या थांबल्या. खोटं उत्तर चालणार नाही असं ते थांबणं होतं.

"काय मोजलं ते," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्या परत निघाल्या. घराशी आल्यावर म्हणाल्या, "उद्या या. मला विचार करू द्या."

परतताना मी जीपमध्ये नेहमीसारखी यादी करायला वही उघडली आणि मिटली. दोन्हीकडून विहीरच जात होती. खोदलं तर झऱ्याला धोका, नाही खोदलं तर पाण्याला. कोणता धोका मोठा हे मला तांत्रिकदृष्ट्या ठाऊक होतं. तेल उतरलं तर विहीर कायमची गेली. झरा हलला तर कदाचित जाईल, कदाचित राहील. पण हे 'कदाचित' मी त्यांना सांगणार कशी? दिरांच्या विहिरीच्या काठावर उभं राहून?

दुसऱ्या दिवशी जाण्याआधी मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ब्रेकर नाही. पोकलेनही नाही. टिकाव, पहार, छिन्नी. हातानं.

"मॅडम, तो खडक आहे!"

"माहीत आहे."

"किती दिवस जातील! दाब कमी केला की पुढच्या डेपोला तेल कमी पोहोचतं. वरून रोज फोन येतोय."

"हातानं खोदायचं हे शेऱ्यात अट म्हणून घालते. मग फोन मंडळाकडे वळवा."

"तुम्ही गंजाच्या तपासणीला आलात की विहिरीच्या?"

मी अट तिथंच वहीत लिहून टाकली. आता वाटतं, त्या जागी दोन्ही एकच होतं.

बाईंनी अट ऐकली. "यंत्र अजिबात नाही?"

"वेल्डिंगचं येईल. खडकाला लागणारं कोणतंही नाही."

"खोदणारी माणसं वस्तीवरची घ्या. त्यांना ठाऊक आहे कुठे हात हळू चालवायचा. त्यांच्याच कळशीचा प्रश्न आहे." मग थोड्या वेळानं, "आणि खुर्ची टाकून मी तिथं बसणार."

त्या बसल्या. लिंबाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर पदर, हातात काही नाही. कुणी पहार जोरात मारली की नुसतं "अरे" म्हणायच्या. खोदणारे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी, पन्नाशीला आलेले. एक जण मला हळूच म्हणाला, "मॅडम, पगार कंपनी देती, पन सुपरवायझर शाळंतलाच हाय."

वहिनी रोज दुपारी विहिरीत डोकवायच्या आणि ओरडून सांगायच्या, "हाय तेवढंच हाय!" मग काम पुढे चालू व्हायचं. टेक्निशियनला मी मुद्दाम तिथंच ठेवून घेतलं होतं. साहेबांनी त्याला काढलं नाही. शेऱ्यात मी स्पष्ट लिहिलं होतं की कोरड्या भागात मोजणीचं पाणी कुठून आणायचं आणि कसं वापरायचं, हे कंपनीच्या पद्धतीत कुठेच सांगितलेलं नाही. लाज वाटली म्हणून चूक झाली, असं लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

शेवटी पाइप दिसला. कोटिंगला हात लावला तर ते ओल्या सालीसारखं सुटून आलं. खाली काळा गाळ. मी फडक्यानं पुसला आणि बोट फिरवलं. बोट खळग्यात गेलं. शेजारी दुसरा खळगा. जाडी मोजली. एका ठिकाणी पाइपाची अर्ध्याहून जास्त भिंत गंजानं खाल्लेली होती.

मी वर आले तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाई खुर्चीवरून उठल्या होत्या.

"गळतंय?"

"नाही बाई. अजून नाही."

"गळलं असतं?"

"हो."

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. या वेळी लिहून द्या म्हणाल्या नाहीत. टेक्निशियन खड्ड्याच्या कडेला बसून खाली बघत होता. वहिनी त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं आता याला धुवून काढणार.

"का रं," त्या म्हणाल्या, "आमी हसायचो म्हनून व्हय?"

त्यानं हाताची माती झटकली.

"अरं मग वरडायचं की आमच्यावर! पाइप सडतोय तुमच्या इहिरीवर, म्हनायचं! आमीच आनून वतलं असतं कळशीनं!"

"मला तरी कुठं म्हायती हुतं वहिनी," तो म्हणाला. "मला स्टेडी येत हुतं."

पाइपावर दोन अर्ध्या नळ्यांची पोलादी स्लीव्ह बसवली, वेल्ड तपासले, नवं कोटिंग केलं. खड्डा भरताना तळाला चाळलेली माती टाकली, म्हणजे पुन्हा खडकाची धार लागू नये. सेल टेकवला, वस्तीवरच्याच धुण्याच्या पाण्यानं माती भिजवून. आकडा रेषेच्या पलीकडे गेला. झरा गेला नाही. विहिरीचं पाणी होतं तेवढंच राहिलं, निदान तेव्हा. विहिरीतलं पाणी मी नगरला प्रयोगशाळेत पाठवलं. तेलाचा अंशही नाही, असा निकाल आला. त्याची प्रत बाईंना दिली. त्यांनी ती वाचली आणि पेटीत ठेवली.

माझ्या दृष्टीनं काम झालं होतं. मंडळाला मी लिहिलं की कोरड्या पट्ट्यातले सगळे खांब पुन्हा, पाइपाच्या डोक्यावर, मोजावेत. पत्र मिळाल्याचं कळलं. काही ठिकाणी मोजणी झाली. सगळीकडे झाली का, हे मला आजही ठाऊक नाही, आणि कुठल्याही रस्त्यानं जाताना पिवळा खांब दिसला की आधी आजूबाजूला हिरवी ओल कुठे आहे तेच मी शोधते.

मग एका सकाळी बाईंचा फोन आला.

"पाणी आहे," त्यांनी आधीच सांगितलं. त्यांना ठाऊक होतं मी आधी तेच विचारणार. "पण एक झालंय. लोक वास घ्यायला लागलेत."

"कसला वास?"

"कसलाच नाही, म्हणून तर. कळशी भरली की आधी नाकाशी नेतात. मुलं शाळेतून येऊन पेला भरतात, आधी वास. काल एकीनं भरलेला हंडा उपडा केला, म्हणे वास येतोय. या दिवसांत! मी स्वतः घेऊन बघितला, काही नव्हतं. तुमचा कागद दाखवला. म्हणाली, बाई, कागदाला नाक असतंय व्हय?"

"मी येते," मी म्हटलं. येऊन काय करणार, हे मला माहीत नव्हतं. पिशवी मात्र भरली, नेहमीच्या क्रमानं. बाटली तेवढी घेतली नाही.

बाईंच्या ओसरीत बायका जमल्या होत्या. मी समजावलं. दाब, स्लीव्ह, नवं कोटिंग, आकडे. माना हलत होत्या. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुमी खरं सांगताय, आमाला पटतंय. पन पयलं आमाला ठावंच नव्हतं खाली काय हाय ते. आता ठावं झालं. ते काय पुसून निघनार हाय का?"

पाइप जमिनीखाली आहे हे त्यांना नेहमीच माहीत होतं, खांब डोळ्यांसमोर होता. पण तो गंजू शकतो, गळू शकतो, आणि हे बघणारा माणूस कुठे सेल टेकवतो यावर आपलं पाणी अवलंबून आहे, हे त्यांना मी सांगितलं होतं. सांगायला हवंच होतं. तरी त्यांच्या कळशीपाशी हा वास मीच नेऊन ठेवला होता.

बाई आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. विहिरीचं. मला दिला. सगळ्या माझ्या पेल्याकडे नाही, माझ्या नाकाकडे बघत होत्या.

मी पेला उचलला, सरळ तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मला वाटलं, जमलं. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, एकदोघी उठायला लागल्या.

बाई उठल्या नाहीत. "श्वास रोखलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकावर बघणारी नजर ती. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "आणखी एक द्या."

त्यांनी आत जाऊन आणला. अर्धाच होता. मार्च संपत आला होता. मी तो हळूहळू, श्वास घेत घेत प्यायले.